ठसा, घाम आणि पीएच २.७

बोटावरच्या एका रेषेपासून शेजारच्या रेषेपर्यंतचं अंतर साधारण अर्धा मिलिमीटर असतं. रेषेवरची घर्मरंध्रं त्याहून बारीक, पण तीही मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आगेमागे. ठशाचा फोटो १००० पीपीआयने, म्हणजे इंचामागे १००० पिक्सेलने, घेतला तर एक पिक्सेल सुमारे २५ मायक्रॉनचा होतो. म्हणजे नुसता ठसा वाचायचा असेल तर नॅनोमीटरपर्यंत उतरायची काही गरजच नाही. काही मायक्रॉनच्या ॲल्युमिनियमच्या चकत्या ब्रशने फिरवल्या तरी काचेवरच्या रेषा स्वच्छ दिसतात. मग न दिसणारे ठसे उठवायला १६ नॅनोमीटरचा सोन्याचा कण वापरतात, त्याचं इथे काय काम? ‘कण जितका बारीक तितका तपशील जास्त’ हे उत्तर पुष्कळदा ऐकू येतं. ते बहुतांशी चुकीचं आहे. तो जादाचा तपशील कॅमेऱ्यालाही दिसत नाही आणि ठसेतज्ज्ञालाही लागत नाही.

खरं उत्तर कणाच्या पृष्ठभागात आहे. पावडर ठशाला धरते ती ओलाव्यामुळे आणि तेलकटपणामुळे. ठसा ताजा असेल, काच कोरडी असेल, तर पावडरीइतकं सोपं दुसरं काही नाही. पण आठवडे उलटले, घामातलं पाणी उडालं, तेलकट भाग कडक झाला की कितीही ब्रश फिरवा, पावडर धरत नाही. द्रवात तरंगणारा नॅनोकण चिकटपणाच्या भरवशावर नसतो. त्याच्या अंगावर विद्युतभार असतो आणि उलट भाराची जागा मिळाली की तो आपणहून तिथे जाऊन बसतो. मग त्याच्यावर आणखी धातू चढवून त्याला डोळ्यांना दिसेल इतका मोठा करता येतो. लहान असण्याचा फायदा मिळतो तो असा आडवळणाने: कण लहान म्हणून तळाशी बसत नाही, आणि लहान म्हणून त्यांची संख्या अफाट असते. पुढे दिलेल्या कृतीने केलेल्या द्रावणात मिलिलिटरमागे सुमारे एक लाख कोटी कण असतात.

मूळ युक्ती ठशांसाठी निघालेली नाही. पातळ पापुद्र्यावर (मेम्ब्रेनवर) उतरवलेली प्रथिनं सोन्याच्या कलिलाने, म्हणजे सोन्याचे बारीक कण तरंगत असलेल्या द्रवाने, रंगवायची आणि वर चांदी चढवायची, ही जीवरसायनशास्त्रातली पद्धत. सॉन्डर्स यांनी १९८९ मध्ये ती ठशांकडे वळवली. आधी सोनं, मग चांदी, म्हणून नाव मल्टिमेटल डिपॉझिशन, थोडक्यात एमएमडी. २००१ मध्ये श्नेट्झ आणि मार्गो यांनी कण ३० नॅनोमीटरवरून १४ वर आणले आणि चांदीची पायरीही बदलली. २००७ मध्ये चांदीला फाटा देऊन सोन्यावर सोनंच चढवणारी पद्धत आली, ती सिंगल मेटल डिपॉझिशन, म्हणजे एसएमडी. बाकी नॅनोकणांवर छापलेलं पुष्कळ आहे, पण ओल्या कागदाच्या, चिकटपट्टीच्या, अवघड प्लास्टिकच्या तुकड्यावर उपयोगाला यावी अशी पद्धत म्हणाल तर माझं मत सोन्याला.

आता प्रत्यक्ष कृती. गोल्ड क्लोराइड म्हणून जे मिळतं ते क्लोरोऑरिक आम्लाचे पिवळे, हवेतली ओल ओढणारे खडे असतात. वजन करायला बसलात तर काट्यावरचा आकडा डोळ्यांदेखत वाढत जातो. म्हणून ग्रॅमची कुपी फोडायची आणि सगळीच्या सगळी १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून १ टक्क्याचं मूळ द्रावण गडद बाटलीत ठेवायचं. स्टीलचा चमचा, स्टीलचा चिमटा यांचा या द्रावणाला स्पर्शही होऊ द्यायचा नाही. सोनं स्टीलवर उतरतं आणि लोखंड द्रावणात जातं. ४९५ मिलिलिटर पाण्यात हे मूळ द्रावण ५ मिलिलिटर टाकलं की ५० मिलिग्रॅम क्षार झाला, त्यातलं निम्मं वजन सोन्याचं. पाणी १८.२ मेगओम-सेंटिमीटर रोधाचं, म्हणजे गाळणीतून नुकतं काढलेलं हवं. कालपासून कॅनमध्ये पडून असलेलं चालत नाही.

द्रावण जोरात ढवळत खळखळून उकळायचं आणि त्यात १ टक्क्याचं ट्रायसोडियम सायट्रेट १० मिलिलिटर एका दमात ओतायचं. थेंब थेंब नाही. सगळे कण एकाच वेळी जन्मले तर सारख्या आकाराचे होतात. सायट्रेट सावकाश घातलं तर आधी जन्मलेले फुगतात, नंतरचे बारीक राहतात. रंगाकडे लक्ष ठेवा. फिकट पिवळा रंग आधी जातो, क्षणभर द्रावण पाण्यासारखं दिसतं, मग करडी-निळसर छटा येते, ती जांभळी होते आणि काही मिनिटांत द्राक्षाच्या वाइनसारखा लाल रंग स्थिरावतो. लाल झाल्यावरही दहा मिनिटं उकळत ठेवा, मग ढवळतच गार होऊ द्या. उडालेलं पाणी भरून काढून पुन्हा ५०० करा.

कणाचा आकार सायट्रेटच्या मापाने ठरतो. वरच्या मापात साधारण १६ नॅनोमीटर येतो. सायट्रेट निम्मं केलं, म्हणजे ५ मिलिलिटर, तर कण ४० च्या घरात जातो. फ्रेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवलेलं हे गणित आजही तसंच चालतं. ठशांसाठी लहान कणच बरा: तो दाट बसतो आणि पार्श्वभूमीवर उगाच दिसत नाही. स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर प्रकाश शोषण्याचं शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास आलं पाहिजे. नसेल तर बाटलीमागे पांढरा कागद धरा. स्वच्छ लाल, गढूळपणा नाही, जांभळी झाक नाही, तर काम झालं. काचेच्या स्वच्छ बाटलीत, अंधारात, थंडाव्याला हे महिनोन्‌महिने टिकतं. फक्त गोठू द्यायचं नाही. एकदा बर्फ झाला की कण एकमेकांना चिकटतात आणि वितळल्यावर तळाशी काळा गाळ तेवढा उरतो.

द्रावण निळं-करडंच राहिलं, किंवा भिंतीवर सोन्याचा पातळ आरसा धरला, तर दहापैकी नऊ वेळा दोष काचेचा असतो. साबणाने धुतलेली काच या कामाला घाणच. भांडी अम्लराजाने, म्हणजे एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्लाने, धुवायची. अम्लराज लागेल तेवढाच, धुराच्या कपाटात, ताजा करायचा आणि बाटलीत बूच लावून ठेवायचा नाही, कारण त्यातून वायू सुटत राहतो आणि बाटली फुटते. धुतल्यानंतर शुद्ध पाण्याने इतक्यांदा खळबळायचं की कंटाळा यावा. राहिलेला क्लोराइडही कलिल मोडतो. चरे पडलेलं बीकर सरळ बाजूला ठेवा. सोन्याला बसायला चरा फार आवडतो.

इथवर रसायनशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला जमतं. घोडं अडतं ते पुढे, पीएचवर.

सायट्रेटने गुंडाळलेल्या सोन्याच्या कणावर ऋणभार असतो. ठशातल्या प्रथिनांवर धनभार असायला हवा, तरच कण तिकडे ओढला जाईल. नेहमीचं स्पष्टीकरण असं की आम्लात अमाइन गटांना प्रोटॉन मिळतो म्हणून भार धन होतो. हे अर्धंच खरं आहे. अमाइन गट तर पीएच ५ लाही प्रोटॉन घेऊन बसलेले असतात, मग तिथे हे काम का होत नाही? कारण त्याच रेणूंवरचे कार्बोक्सिल गट पीएच ५ ला ऋण असतात आणि एकूण हिशेब शून्याकडे किंवा ऋणाकडे झुकतो. पीएच २.५ ते २.८ पर्यंत खाली आलं की बहुतेक कार्बोक्सिल गट उदासीन होतात आणि निव्वळ धनभार शिल्लक राहतो. कागदातल्या कार्बोक्सिल गटांचंही तेच होतं. ठसा तेवढा ओढतो, कागद गप्प राहतो.

गोम अशी की सायट्रेटही शेवटी कार्बोक्सिलच. त्याचा पहिला पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे गट भार सोडून उदासीन होतात तो आकडा, ३.१ आहे. म्हणजे ज्या पीएचला ठसा धन होतो, त्याच पीएचला कणांचा स्वतःचा ऋणभारही ओसरू लागतो आणि ते एकमेकांना चिकटायच्या बेताला येतात. काम करायची जागा ही अशी अरुंद आहे. ३ च्या वर गेलात तर ठसा फिकट किंवा गायब. २ च्या जवळ गेलात तर द्रावण निळं पडून सगळीकडे सारखंच चढतं. म्हणून आम्ल घालण्यापूर्वी ट्वीन २० हे साबणासारखं द्रव्य घालायचं, ५०० मिलिलिटरला १ टक्क्याचं ५ मिलिलिटर. ते कणांमध्ये अंतर राखतं आणि कोऱ्या पृष्ठभागावर त्यांना बसू देत नाही. मग अर्धा मोलर सायट्रिक आम्ल थेंबाथेंबाने, पीएच मीटरवर नजर ठेवून. साधारण ८ ते १० मिलिलिटर लागतं. क्रम उलटला, आधी आम्ल आणि मग ट्वीन, तर वाइनचा रंग डोळ्यांसमोर जांभळा होतो आणि परत येत नाही. पीएच पट्टी इथे उपयोगाची नाही. मीटर हवा, आणि तो त्याच दिवशी पीएच ४ आणि ७ च्या बफरवर लावून घेतलेला हवा.

सगळ्यात जास्त फसवतो तो कागद. आजचा बराचसा लिहिण्या-छापण्याचा कागद कॅल्शियम कार्बोनेट भरून केलेला असतो. तो कागद २.७ च्या द्रावणात टाकला की कार्बोनेट आम्ल खातो, बारीक बुडबुडे येतात आणि ट्रेमधला पीएच गुपचूप ३.५, ४ वर सरकतो. मोजलेलं बाटलीत होतं, बिघडलं ट्रेमध्ये. वीस मिनिटांनी कोरा कागद हातात आला की दोष बिचाऱ्या कलिलावर जातो. उपाय साधा आहे: कागद आधी सौम्य आम्लात, मॅलिक किंवा सायट्रिक, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत बुडवायचा आणि नंतर शुद्ध पाण्यात दोन-तीनदा धुवायचा. चांदीने ठसे उठवायच्या फिजिकल डेव्हलपर या पद्धतीत मॅलेइक आम्लाची आधीची आंघोळ असते, ती याच कारणाने. जाड पुठ्ठा असेल तर आम्ल बदलून पुन्हा बुडवावं लागतं. आणि सोन्याच्या ट्रेमधला पीएच काम चालू असताना एकदा तरी मोजा.

बुडवण्याची कृती थोडक्यात अशी. प्लास्टिकचा स्वच्छ ट्रे, वस्तू पूर्ण बुडेल इतकं द्रावण, हलणाऱ्या टेबलावर अगदी सावकाश डुलवत १५ ते २० मिनिटं. नायट्राइलचे बिनपावडरचे हातमोजे, प्लास्टिकचा चिमटा. एका वेळी एकच वस्तू, किंवा एकमेकांना न लागणाऱ्या दोन. जिथे दोन कागद चिकटून राहतात तिथे द्रावण पोहोचत नाही आणि ठशाच्या मधोमध पांढरा पट्टा उरतो. या पायरीनंतर ठसा फिकट गुलाबी दिसला तर उत्तम, काहीच दिसलं नाही तरी घाबरू नका.

आता कण वाढवायचे. एसएमडीमध्ये वस्तू धुऊन नव्या ट्रेमध्ये घ्यायची आणि सौम्य क्लोरोऑरिक आम्लात हायड्रॉक्सिलामिन हायड्रोक्लोराइड मिसळलेलं ताजं द्रावण ओतायचं. हायड्रॉक्सिलामिनची खासियत अशी की ते द्रावणातल्या सोन्याला सहजी हात लावत नाही, पण सोन्याचा पृष्ठभाग मिळाला की तिथे त्याचं क्षपण, म्हणजे क्षारातून धातूत रूपांतर, भराभर करतं. जिथे कण बसला आहे तिथेच नवं सोनं चढतं. रेषा गुलाबीवरून जांभळ्या, मग निळसर करड्या होत जातात. एमएमडीमध्ये या जागी चांदी येते: सिल्व्हर ॲसिटेट आणि हायड्रोक्विनोन, सायट्रेट बफरमध्ये, उजेडापासून जपून, आणि शेवटी फोटोग्राफीचा फिक्सर. चांदीने रेषा जास्त काळ्या येतात, हे खरं. पण धुण्यात क्लोराइड राहिलं तर पांढरा गाळ, फिक्सर कमी पडला तर महिन्याभरात सगळा कागद काळवंडलेला, असे दोन जादा धोके गळ्यात येतात. सोन्याला एक भांडं कमी लागतं आणि उजेडाची भीती नाही. मी सोनं निवडेन.

कधी थांबायचं हे घड्याळ सांगत नाही. रेषा आणि पार्श्वभूमी दोन्ही गडद होत असतात, रेषा जरा लवकर. दोघींमधला फरक सगळ्यात जास्त दिसतो तो क्षण दहा ते वीस मिनिटांच्या आत कुठेतरी येतो आणि तो निसटला की परत आणता येत नाही. म्हणून ट्रेखाली पांढरा कागद, वर चांगला उजेड, आणि शेजारीच धुण्याच्या पाण्याचा ट्रे भरून तयार. त्याच जातीच्या कागदाची एक पट्टी, तिच्यावर मुद्दाम उठवलेला ठसा, ही आधी सगळ्या पायऱ्यांतून न्यायची. पट्टीवर रेषा आल्या नाहीत तर मूळ वस्तू भिजवायची नाही. दुसरी संधी नसते.

कारण ही पद्धत रांगेत शेवटची आहे. कागद कोरडा असेल तर आधी नुसत्या डोळ्यांनी, मग वेगवेगळ्या उजेडात, मग इंडेनडायोन, मग निनहायड्रिन (ही दोन्ही अमिनो आम्लांवर चालणारी रसायनं), आणि त्यानंतर सोनं किंवा चांदी. उलट क्रम चालत नाही, कारण या आंघोळीत विरघळणारी अमिनो आम्लं वाहून जातात. कागद आधीच भिजलेला असेल तर ती तशीही गेलेली असतात, मग निनहायड्रिनवर वेळ घालवू नये. डीएनए हवा असेल तर त्याचा नमुना या सगळ्याच्या आधी घ्यायचा.

एक उलटी कल्पनाही सांगायला हवी, कारण ती हुशार आहे. २०१२ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी सोन्याच्या कणांवर असा रेणू लावला की तो ठशाऐवजी कागदातल्या सेल्युलोजलाच धरतो. ठशातल्या तेलकट भागाने कागद झाकला असेल तिथे कण बसत नाही. वर चांदी चढवली की कागद काळा आणि रेषा पांढऱ्या, म्हणजे निगेटिव्ह. याने घामाच्या घटकांवरची भिस्त कमी होते. एकाचा घाम तेलकट, दुसऱ्याचा पाण्यासारखा, ही अडचण या कामात नेहमीचीच, तिला हे उत्तर आहे.

नॅनो पावडरींबद्दल माझं मत फार चांगलं नाही. झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, रंगीत सिलिका: कागदावर ‘कण ५० नॅनोमीटर’ लिहिलेलं असतं, पण कोरड्या डबीत ते कण एकमेकांना धरून मायक्रॉनच्या गाठी झालेले असतात. ब्रशने मारलेली ती नेहमीची पावडरच, फक्त महाग. उरलेला बारीक भाग हवेत तरंगतो आणि फुप्फुसात खोल जातो. हेच कण पाण्यात, साबणासारख्या द्रव्यासह, पातळ खिरीसारखे करून वापरले तर गोष्ट वेगळी. चिकटपट्टीच्या चिकट बाजूवर असा लेप दहा-पंधरा सेकंद ठेवून नळाच्या हलक्या धारेखाली धुतला की रेषा उभ्या राहतात: गडद पट्टीवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा, फिकट पट्टीवर आयर्न ऑक्साइडचा काळा. इथेही कणावरचा लेप आणि साबण कोणता यावरच यश ठरतं. टायटॅनियम डायऑक्साइडचा डबा बदलला की पट्टीवर चाचणी पुन्हा करा, कारण कणांवर ॲल्युमिनाचा थर आहे की सिलिकाचा, यावर सगळा खेळ फिरतो.

चमकणाऱ्या कणांचं आकर्षण समजण्यासारखं आहे. रंगीबेरंगी छपाईचं वेष्टन घ्या. काळ्या, लाल, निळ्या पट्ट्यांवर एकच ठसा पसरलेला असतो आणि जांभळी रेषा कुठे दिसते, कुठे बुडते. तिथे रेषा स्वतः उजळली तर प्रश्न सुटतो. कॅडमियमचे क्वांटम डॉट, म्हणजे प्रकाश टाकला की चमकणारे अर्धवाहक नॅनोकण, त्यासाठी वापरून पाहिले गेले, रक्तातल्या ठशांवर चांगले चाललेही, पण कॅडमियम विषारी, आणि आम्लात हे कण विरघळायला लागतात. म्हणजे ज्या पीएचला ठसा बोलावतो तिथेच कण मरतो. तांब्याचा अंश घातलेलं झिंक सल्फाइड हा त्यातला बरा पर्याय. दुसरी जात अपकन्व्हर्शनची, म्हणजे कमी ऊर्जेचा प्रकाश घेऊन जास्त ऊर्जेचा देणाऱ्या कणांची: सोडियम इट्रियम फ्लोराइड, त्यात इटर्बियम आणि एर्बियम. ९८० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश टाकला की हिरवा आणि लाल उजेड बाहेर पडतो. छपाईची शाई त्या प्रकाशात चमकत नाही, म्हणून पार्श्वभूमी अंधारी. पण उजेड लेझरच्या ताकदीच्या जवळजवळ वर्गाने वाढतो. लेझरचा ठिपका मध्ये तेजस्वी आणि कडेला मंद असतो, तर फोटोत तो फरक आणखी भडक होतो: मधल्या रेषा जळलेल्या, कडेच्या काळोखात. ठिपका फिरवत बरेच फोटो घेऊन जोडावे लागतात. शिवाय ९८० नॅनोमीटर डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे डोळा मिटत नाही. त्या तरंगलांबीचा चष्मा नसेल तर लेझर चालू करू नये.

या सगळ्या कणांचे सुंदर फोटो पाहताना एक प्रश्न विचारावा: ठसा कोणाचा आणि कसा घेतला? पुष्कळदा बोट आधी कपाळावर किंवा नाकावर घासलेलं असतं, ठसा दहा मिनिटांपूर्वीचा, पृष्ठभाग काच. त्यावर पिठीही धरेल. नीट चाचणी म्हणजे न घासलेली बोटं, अनेक माणसं, एकाच बोटाने ओळीने दाबलेले ठसे म्हणजे प्रत्येक पुढचा आणखी फिका, ठशांची वेगवेगळी वयं, आणि प्रत्येक ठसा मधोमध कापून अर्ध्यावर नवी पद्धत, अर्ध्यावर रोजची. मग दोन अर्धे शेजारी ठेवून गुण द्यायचे. ठसेसंशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१४ मध्ये अशा चाचण्यांचे चार टप्पे ठरवून दिले. बरंचसं नॅनो काम पहिल्याच टप्प्यावर थांबलेलं दिसतं.

फोटो घेताना कागद पूर्ण वाळू द्या, पण गरम हवेने नाही, नाहीतर सुरकुत्या रेषांवर येतात. दोन स्वच्छ शोषकागदांमध्ये, हलक्या वजनाखाली, रात्रभर. लालसर-गुलाबी राहिलेल्या रेषा हिरव्या उजेडात सगळ्यात गडद येतात. निळसर झालेल्यांना पिवळा-नारिंगी उजेड लागतो. दोन्ही करून पाहा, मोजपट्टी शेजारी ठेवून.

वापरलेलं कलिल नळात ओतू नका. ट्रेमध्ये उतरलेलं द्रावण दुसऱ्या वस्तूला वापरायचंही नाही, कारण त्यात आधीच्या वस्तूची प्रथिनं आणि बदललेला पीएच दोन्ही असतात. सोन्याची स्वतंत्र बाटली ठेवा, म्हणजे सोनं गोळा करता येतं. हायड्रॉक्सिलामिनचा कचरा मात्र त्या बाटलीत नाही, वेगळ्या. धातूंच्या क्षारांबरोबर आणि उष्णतेजवळ ते भडकू शकतं.